सालीखालचं साल

[पडद्यावर: कुल्लू जिल्हा, ब्यास नदीचा काठ. पाण्याचा आवाज वाढत जातो.]

जुलै २०२३. ब्यासला पूर आला आणि कुल्लू-मनालीतले रस्ते, पूल, काठावरच्या इमारती बघता बघता वाहून गेल्या. महाराष्ट्रातून दरवर्षी किती माणसं याच रस्त्याने मनालीला जातात! पाणी ओसरलं, की प्रश्न उरतो: याआधी असा पूर कधी आला होता? किती वेळा?

नदीला विचारावं, तर हिमालयातल्या बहुतेक नाल्यांवर पाणी मोजायची सोयच नाही. जिथे आहे तिथल्या नोंदी काही दशकांच्या. त्यातून मोठा लोंढा कधी कधी मोजणीचं केंद्रच उचलून नेतो. गावातली जुनी माणसं पूर सांगतात, पण नेमकं साल आठवत नाही.

काठावरच्या देवदाराच्या सालीखाली ते साल असतं.

[पडद्यावर: खोडावरची उभी, लांबट जखम. कॅमेरा अगदी जवळ.]

हे खोड नीट बघा. नदी ज्या अंगाने येते, त्याच अंगाला जखम आहे. लोंढ्यात नुसतं पाणी नसतं. दगडधोंडे असतात, ओंडके असतात. ते आदळले की साल सोलून निघते. सालीखाली एक जिवंत पापुद्रा असतो, ज्यातून झाड दरवर्षी जाड होतं. तो तेवढ्या जागी मरतो. मग झाड कडेने नवं लाकूड चढवू लागतं. ओठ मिटावेत तशा जखमेच्या दोन्ही कडा वर्षानुवर्षं जवळ येत राहतात. काही जखमा पूर्ण झाकल्या जातात; बाहेरून हात फिरवला तरी कळत नाहीत.

तिथे गिरमिट लागतं. हे गिरमिट आतून पोकळ असतं. हाताने फिरवत ते खोडात घालायचं आणि पेन्सिलीपेक्षा बारीक अशी लाकडाची कांडी बाहेर काढायची. झाड मरत नाही. कांडी पट्टीवर चिकटवून पॉलिश पेपरने गुळगुळीत घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची.

[पडद्यावर: सूक्ष्मदर्शकातून दिसणारी कांडी.]

फिकट पट्टा, गडद पट्टा. फिकट लाकूड हंगामाच्या सुरुवातीचं, गडद अखेरचं. दोन्ही मिळून एक वर्ष. आणि मध्येच ही बारीक छिद्रांची रांग. या राळेच्या नळ्या. मार बसला की देवदार जखमेभोवती अशी ओळच्या ओळ तयार करतो. सालीपासून आत मोजत इथवर आलं, शेजारच्या धडधाकट झाडांच्या वलयांशी ताळा जमवला, की वर्ष हाती येतं. रांग वलयात नेमकी कुठे पडली आहे, यावरून हंगामाचाही अंदाज बांधता येतो. मला या साऱ्या विद्येत हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

एका झाडाच्या साक्षीवर मात्र कुणी विसंबत नाही. जखम कुऱ्हाडीची असू शकते, वरून घरंगळलेल्या दगडाचीही. म्हणून काठावरची पुष्कळ झाडं तपासतात. कुणाला मार बसलेला, कुणी कलंडलेलं, कुणाचं बूड गाळात गाडलं जाऊन वाढ खुंटलेली, आणि हे सगळं एकाच वर्षी: असं जुळलं तरच तो पूर धरतात. जखमेच्या उंचीवरून पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं, आणि त्यावरून विसर्गाचं गणितही मांडता येतं.

अमेरिकेत पोटोमॅक नदीकाठच्या झाडांवर रॉबर्ट सिगाफूस यांनी असं काम केलं, ते १९६४ मध्ये प्रसिद्ध झालं. कुल्लूच्या खोऱ्यातलं काम भारतीय आणि स्विस संशोधकांनी मिळून केलं; ते २०१७ चं.

याची गरज किती आहे, ते ब्रह्मपुत्रेवरून कळतं. तिथे झाडांच्या वलयांवरून सुमारे सातशे वर्षांचा प्रवाह मांडला गेला. २०२० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की १९५६ ते १९८६ या ज्या मोजणीवर आपण भिस्त ठेवली होती, तो काळच सात शतकांतल्या कोरड्या काळांपैकी एक होता. म्हणजे पुराचा अंदाज मुळातच कमी धरला जात होता.

आपल्या सह्याद्रीत हे सोपं नाही. इथल्या बहुतेक झाडांत वर्षाची वलयं स्पष्ट उमटत नाहीत. साग त्याला अपवाद. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दक्षिणेतल्या सागावरून आणि हिमालयातल्या झाडांवरून जुन्या हवामानाचा अभ्यास केलेला आहे.

[पडद्यावर: पुन्हा नदीकाठ. पात्रातल्या दगडांत अडकलेला, साल निघालेला ओंडका.]

जे झाड पुरात टिकलं, त्याच्याकडूनच पूर कळतो. जे मुळासकट गेलं, ते आपली नोंद घेऊनच गेलं. फार मोठा पूर तर आधीच्या साऱ्या पुरांच्या साक्षीदारांना सोबत नेतो. त्यामुळे झाडं मोजून जेव्हा म्हणतात, या नदीला एवढे पूर आले, तेव्हा त्या आकड्याआधी एक शब्द जोडावा लागतो: किमान.