हॉर्निमनचे मेल कुठे अडले?

(दृश्य: म्युझियमचं दालन, मधोमध वॉलरस)

दक्षिण लंडनमधलं हॉर्निमन म्युझियम. हा वॉलरस, सुळेवाला समुद्री प्राणी, नीट बघा, अंगावर एक सुरकुती नाही. ज्याने पेंढा भरला त्याने जिवंत वॉलरस कधी पाहिलाच नव्हता. कातडं सैल दिसलं, तो भरत गेला. फुगा झाला.

म्युझियमच्या ईमेलची गतही अशाच एका अडाण्याने केली. २००४ मध्ये बातमी आली, की इथे येणारे काही मेल वाटेतच अडतायत. स्पॅम फिल्टरने 'हॉर्निमन'चा अर्थ लावला 'हॉर्नी मॅन', म्हणजे कामातुर पुरुष! मुंबईकरांना फोर्टातलं हॉर्निमन सर्कल आठवलं असेल. ते पत्रकार बेंजामिन हॉर्निमन यांच्या नावाचं. हे म्युझियम फ्रेडरिक हॉर्निमन यांचं, ते चहाचे व्यापारी.

असे फिल्टर शब्द वाचत नसत, अक्षरं चाचपत. १९९६ मध्ये स्कन्थॉर्प या इंग्लंडमधल्या पोलादाच्या गावातल्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीकडे खातंच उघडता येईना. का? गावाच्या स्पेलिंगमध्ये दुसऱ्या अक्षरापासून पाचव्यापर्यंत एक अस्सल शिवी दडलेली. 'स्पेशालिस्ट'च्या स्पेलिंगच्या पोटातही 'सियालिस' हे पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळीचं नाव बसलंय. नोकरीच्या अर्जात हा शब्द टाकणाऱ्याला काय कल्पना!

२००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने वेगळी वाट मांडली. शब्दावर बंदी नाही. तो स्पॅममध्ये किती वेळा येतो, चांगल्या मेलमध्ये किती वेळा, ते मोजायचं आणि शक्यता काढायची. गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या पाद्र्याचं. ग्रॅहमने त्यात मुद्दाम झुकतं माप ठेवलं: चांगल्या मेलमधली मोजणी दुप्पट धरायची. चार स्पॅम आत आले तरी चालतील, कामाचा एक मेल जायला नको. मला तर हा दुपटीचा आकडा सगळ्यात शहाणा वाटतो.

आता फिल्टर पाठवणाऱ्याचं कूळही काढतात. सर्व्हर कुठला, त्यावरून आधी कोणी स्पॅम पाठवलाय का, डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, डिजिटल सही जुळते का. एकाच सर्व्हरवरच्या शेजाऱ्याने उद्योग केले, तर फटका तुम्हालाही.

(दृश्य: स्पॅमचा फोल्डर, न उघडलेले मेल)

आणि अडलेला मेल परत येतोच असं नाही. पाठवणाऱ्याला वाटतं, पोचला, पण साधं उत्तरही देत नाहीत. ज्याला यायचा, त्याला तो निघालाय हेच ठाऊक नाही. जीमेलच्या स्पॅममध्ये तो ३० दिवस पडून राहतो. मग आपोआप पुसला जातो.