उभ्या गाडीचा आवाज

ज्यांना दिसत नाही त्यांना पांढरी काठी घेऊन एकट्याने वावरायला शिकवणं हे माझं काम आहे. त्यात सगळ्यात अवघड धडा चौक ओलांडण्याचा. काठी पुढच्या एकदोन पावलांपुरतं सांगते, त्यापलीकडचं कानांनी ओळखायचं असतं. फूटपाथच्या कडेला उभं राहायचं. आडव्या रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या की त्यांची इंजिनं जागच्या जागी घरघरत राहतात. मग आपल्या शेजारून, आपल्याच दिशेने जाणाऱ्या गाड्या सुटतात आणि त्यांचा आवाज एकदम चढतो. तो चढ ऐकू आला म्हणजे सिग्नल बदलला. पाऊल उचलायचं. चालताना शेजारचा आवाज तेवढ्याच अंतरावर ठेवायचा, तो जवळ येऊ लागला तर आपण वाकडे चाललोय. दुसऱ्या बाजूला थांबलेल्या गाड्यांची घरघर सांगते की त्या अजून थांबलेल्याच आहेत.

विजेच्या गाड्यांना इंजिनाची घरघर नसते, म्हणून हळू चालताना त्यांनी स्पीकरवरून मुद्दाम आवाज करावा अशी सक्ती काही देशांत आहे. त्या आवाजाबद्दल बोलताना ‘इशारा’ हा शब्द सर्रास वापरला जातो. मला तो अपुरा वाटतो, आणि का वाटतो ते सांगायलाच मी आज आले आहे. इशारा हॉर्नही देतो. ‘बाजूला व्हा’ एवढंच तो सांगतो. आमच्या विद्यार्थ्यांना त्याहून बरंच काही हवं असतं: गाडी कुठे आहे, कुठल्या दिशेने चालली आहे, वेग वाढतोय की कमी होतोय, आणि ती नुसती उभी आहे की निघायच्या बेतात आहे. इंजिन हे सगळं कुणी न सांगता सांगत होतं.

वेग वाढला की विजेची गाडीही ऐकू येते. ताशी 20 ते 30 किलोमीटरच्या पुढे टायर आणि वारा यांचाच आवाज इंजिनाच्या वर जातो. अडचण आहे ती हळू चालणाऱ्या गाडीची. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2009 साली अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेग कमी करताना, थांबताना, गाडी मागे घेताना, पार्किंगमध्ये शिरताना किंवा निघताना पादचाऱ्याला धडक बसण्याची शक्यता हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये, साध्या इंजिनाच्या गाड्यांच्या दुप्पट निघाली. ब्रिटनमधल्या 2013 ते 2017 च्या नोंदींवरचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. त्यातही पेट्रोल-डिझेलच्या तुलनेत विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांच्या धडकेचं प्रमाण, गाड्या जेवढं अंतर धावल्या त्या मानाने, दुपटीच्या आसपासच आलं. तो काळ आवाजाच्या सक्तीच्या आधीचा आहे, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचायला हवा.

ही सक्ती आपोआप आली नाही. अमेरिकेत अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने ती लावून धरली आणि तिथे 2010 चा पादचारी सुरक्षा कायदा झाला. जपानने त्याच वर्षी मार्गदर्शक सूचना काढल्या. युरोपात 1 जुलै 2019 पासून नव्या मॉडेलना आणि 1 जुलै 2021 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या वा हायब्रिड गाडीला ही आवाजाची यंत्रणा बंधनकारक झाली.

आता आवाज कसा असावा? बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतो तो रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचा टीं-टीं. तो ऐकू येतो हे खरं, पण कुठून येतोय ते नेमकं सांगता येत नाही. आवाज एका कानाला किंचित आधी पोचतो आणि दुसऱ्याला किंचित नंतर. त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो, आणि हे साधारण 1500 हर्ट्झच्या खाली, म्हणजे खालच्या स्वरांत, चांगलं जमतं. उंच स्वरांच्या बाबतीत डोकंच आडोसा होतं, म्हणून दोन कानांना वेगवेगळा जोर जाणवतो. दोन्ही खुणा मिळाल्या तर दिशा पक्की होते. एकसुरी पिपाणी फार थोडं हाताशी देते, रुंद पट्ट्यातला सळसळता आवाज बरंच देतो. शिवाय वय वाढलं की उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून गाड्यांच्या या आवाजासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या 138 क्रमांकाच्या नियमात किमान दोन स्वरपट्टे मागितले आहेत आणि त्यातला निदान एक 1600 हर्ट्झच्या पट्ट्यात किंवा त्याखाली हवा.

त्याच नियमातली एक अट मला फार शहाणी वाटते. ताशी 5 ते 20 किलोमीटरच्या दरम्यान वेग एका किलोमीटरने वाढला की स्वर सरासरी निदान 0.8 टक्के चढला पाहिजे. पंधरा किलोमीटरचे झाले 12 टक्के. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ सा ते शुद्ध रे. कानाला गाडीचा वेग कळावा यासाठी हे पुरतं.

आवाज मोठा असतो असंही नाही. ताशी 20 च्या वेगाला, गाडीच्या मध्यरेषेपासून 2 मीटरवर किमान 56 डेसिबल. आपण बोलतो त्याहून थोडा हळूच. वरची मर्यादा 75 ची.

पण आवाज गाडीचाच वाटला पाहिजे. जग्वारने आय-पेस गाडीसाठी सुरुवातीला अंतराळयानासारखा आवाज करून पाहिला, तर पादचारी रस्त्याकडे बघायचं सोडून आकाशाकडे पाहू लागले. तो आवाज सोडून द्यावा लागला. टेस्लाच्या गाड्यांमध्ये बाहेरच्या स्पीकरवर हवा तो आवाज वाजवण्याची सोय होती. ठरलेला आवाज त्यात झाकला जातो म्हणून 2022 च्या फेब्रुवारीत 5 लाख 78 हजार गाड्यांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं. चालकाला आवाज निवडू द्यावा असा प्रस्ताव अमेरिकेत 2019 साली आला होता, तोही 2022 मध्ये मागे पडला. मला हे योग्य वाटतं. आवाज चालकाच्या आवडीचा असून काय उपयोग, तो ऐकणाऱ्याच्या ओळखीचा हवा. ‘हा आवाज कशाचा?’ असा प्रश्न माझ्या विद्यार्थ्याला पडण्यात जो एक क्षण जातो, तेवढ्यात गाडी काही मीटर पुढे आलेली असते.

आता माझी मुख्य तक्रार. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात उभ्या गाडीला आवाजाची सक्ती नाही, गाडी हलली की आवाज सुरू. अमेरिकेत मात्र गाडी चालू असेल आणि पार्क गिअरमध्ये नसेल, तर उभी असतानाही तिने आवाज करायचा आहे. मी या दुसऱ्या बाजूची आहे. चौकात पहिल्या रांगेत थांबलेली गाडी गप्प असेल तर माझ्या विद्यार्थ्याला ती आहे हेच कळत नाही, आणि तो तिच्याच समोरून जाणार असतो. ती हलल्यावर आवाज करेल, पण तेव्हा तो तिच्या पुढ्यात असेल.

यावर आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. कोंडीत पन्नास गाड्या एकत्र गुणगुणू लागल्या तर एकीचा आवाज दुसरीत बुडेल आणि रस्त्यालगत राहणाऱ्यांना त्रास होईल. तरीही थांबलेल्या गाडीने अगदी मंद, जवळ उभ्या माणसालाच ऐकू येईल इतपत आवाज करायला काय हरकत आहे? इंजिनं तेच करत होती.

आणि या सगळ्या नियमांत विजेची दुचाकी नाहीच. 138 क्रमांकाचा नियम चार किंवा अधिक चाकांच्या गाड्यांपुरता आहे. दुचाकी हलकी, तिच्या टायरचा आवाजही कमी, आणि ती फूटपाथच्या कडेला अगदी खेटून जाते. ती कानांनी कशी ओळखायची, हे शिकवायची पद्धत अजून माझ्याजवळ नाही. विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना कडेपासून एक पाऊल मागे उभं राहायला सांगते.