मार्च चुकला तर

(निफाड तालुका. पहाटेचा अंधार. द्राक्षबागेच्या कडेला पेटलेल्या शेकोट्या.)

पारा चार-पाच अंशांवर उतरला की इकडे बागायतदाराला झोप नसते. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या, वर ओला पाला टाकून धूर धरायचा. तो धूर मांडवावर पसरून राहतो. आणि धुराच्या वर, पूर्वेला, शुक्राची चांदणी.

तिथंही पांघरूणच आहे, फक्त उतरवता न येणारं. शुक्राच्या हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड. आत आलेली उष्णता बाहेर सुटत नाही. जमिनीवर तापमान ४६० अंशांच्या घरात. शिसं ठेवलं तर वितळून वाहील. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पट. १९८२ मध्ये सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१३ तिथं उतरलं आणि १२७ मिनिटं तगलं. बनवणाऱ्यांनी हिशेब अर्ध्या तासाचाच धरला होता.

आता भारतही शुक्राकडे यान पाठवणार आहे. ते उतरणार नाही, वरून घिरट्या घालणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं या मोहिमेला १,२३६ कोटी रुपये मंजूर केले. सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांतून कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही, म्हणून सोबत रडार.

(रामकुंड. सकाळ.)

मोहिमेची आखणी मात्र यानापासून सुरू होत नाही, तारखेपासून होते. नाशिककराला हे वेगळं सांगायला नको. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. मागचा २०१५ मध्ये झाला, पुढचा २०२७ मध्ये. रस्ते, घाट, पूल, सगळ्यांची घाई त्या एका ग्रहाच्या चालीनं ठरते. (घाई शेवटच्या वर्षातच का होते, हा वेगळा विषय.)

शुक्राचं गणित श्रद्धेचं नाही, इंधनाचं आहे. तो सूर्याभोवती २२५ दिवसांत फिरतो, आपण ३६५. आतल्या धावपट्टीवरचा गडी जोरात पळतोय, आणि आपल्याला चेंडू फेकायचाय तो चार महिन्यांनी जिथं असेल तिथं. कमी इंधनात हे जमेल अशी जुळणी साधारण १९ महिन्यांनी एकदा येते, आणि प्रत्येक वेळी ती सारखी स्वस्तही नसते.

पोहोचलं म्हणजे झालं, असंही नाही. थांबायचं कसं? ब्रेक म्हणजे पुन्हा इंधन, इंधन म्हणजे वजन, आणि वजन वाढलं की एखादं उपकरण घरी राहतं. म्हणून आपल्या यानानं आधी लांबुळक्या कक्षेत शिरायचं, मग शुक्राच्या वरच्या विरळ हवेला घासत घासत, कित्येक महिने, कक्षा आवळत न्यायची. हवाच ब्रेक. मला या आराखड्यातला हा भाग सगळ्यात आवडतो, आणि धास्तीही याचीच वाटते. जरा खोल गेलं तर यान तापणार.

जपानच्या अकात्सुकीचं पाहा. ७ डिसेंबर २०१० ला ते शुक्राशी पोहोचलं, इंजिन पेटलं, आणि बारा मिनिटं चालायचं ते अडीच मिनिटांतच बंद पडलं. यान शुक्राला ओलांडून सूर्याभोवती भरकटलं. पण तिथल्या मंडळींनी नाद सोडला नाही. यानाची दिशा फिरवायला असतात ती चिमुकली इंजिनं त्यांनी वीसेक मिनिटं चालवली आणि ते कक्षेत बसवलं. तारीख होती ७ डिसेंबर २०१५. बरोब्बर पाच वर्षं.

(पुन्हा बाग. उजाडलं आहे. शेकोट्यांची राख.)

इथं दोन बागायतदार भेटले की पहिला प्रश्न, "छाटणी कधी धरली?" त्या तारखेवरून पुढचं सगळं मोजतात: फुलोरा, थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), तोडणी, भाव. शुक्रयानाची तारीख ठरली आहे मार्च २०२८ ची. त्या महिन्यात इथं तोडणी जोरात असेल, क्रेट भरून गाड्या निघत असतील.

तो मार्च चुकला, तर पुढची जुळणी २०२९ च्या उत्तरार्धात. म्हणजे इकडे पुन्हा छाटणीचेच दिवस.