तार जिथे पोचत नाही

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, "पाण्यावर चालणारी रेल्वे आली म्हणतात, खरं का?" काका, ती पाण्यावर चालत नाही, चालता चालता पाणी सोडते. पाण्यातून हायड्रोजन काढायला जेवढी वीज लागते, त्याच्या निम्मीसुद्धा तो चाकांपर्यंत पोचवत नाही. आज मी जे बोलणार आहे ते सगळं या एका हिशेबाभोवती फिरेल.

गोष्ट उत्तर जर्मनीतली. लोअर सॅक्सनी या राज्यात ब्रेमरफोर्डे नावाचं लहानसं गाव आहे. कुक्सहाफेन ते बुक्स्टेहुडे हा शंभरेक किलोमीटरचा लोहमार्ग तिथून जातो. वर विजेची तार नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं डिझेलगाडीच. सप्टेंबर २०१८ मध्ये याच रुळांवर आल्स्टॉम कंपनीच्या 'कोराडिया आयलिंट' जातीच्या दोन गाड्या प्रवासी घेऊन धावू लागल्या. नियमित प्रवासी सेवेतल्या जगातल्या या पहिल्या हायड्रोजन गाड्या. कमाल वेग ताशी १४० किलोमीटर, टाकी एकदा भरली की हजारेक किलोमीटरची चिंता नाही. सुरुवातीला भरणा व्हायचा तो स्टेशनाशेजारी उभ्या केलेल्या एका मोठ्या पोलादी कंटेनरमधून. पुढे पक्का पंप झाला आणि २०२२ मध्ये गाड्यांची संख्या १४ वर गेली.

आता गाडीत हायड्रोजनची वीज होते कशी? ती होते फ्युएल सेल नावाच्या यंत्रात, आणि त्यात काहीही जळत नाही. एक अगदी पातळ पडदा, दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सूक्ष्म थर. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने आपली साधी हवा. हायड्रोजनच्या अणूचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असे दोन भाग होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. मग बिचारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घालून जातात. तो वळसा म्हणजेच वीज. पलीकडे ऑक्सिजन भेटला की पाणी. चालू गाडीत एका सेलचा दाब पाऊण व्होल्टसुद्धा भरत नाही, टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलच्या निम्माही नाही. म्हणून असे शेकडो सेल पापडांच्या चळतीसारखे एकावर एक रचतात. शिवाय स्टेशनातून निघताना एकदम जोर लागतो. तो देण्यासाठी सोबत लिथियम-आयन बॅटरी असते आणि ब्रेक लावला की चाकांकडून मिळणारी वीज तीच साठवून घेते. म्हणजे हायड्रोजन गाडी ही अर्धीमुर्धी बॅटरीगाडीच असते, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

माझ्यापुढे ही एक लिटरची बाटली आहे. ती डिझेलने भरली तर तिच्यात साधारण १० युनिट ऊर्जा मावते. युनिट म्हणजे तुमच्या वीजबिलातलंच. आता हीच बाटली खूप मजबूत आहे असं समजा आणि तिच्यात ३५० पट वातावरणाच्या दाबाने हायड्रोजन कोंबा. आत जाईल जेमतेम २४ ग्रॅम, मूठभर पोह्यांच्या वजनाएवढा. ऊर्जा किती? पाऊण युनिटाच्या थोडी वर. वजनाला हायड्रोजनसारखं इंधन नाही, पण जागा खाण्यातही त्याचा हात कुणी धरणार नाही. म्हणून आयलिंटच्या टाक्या टपावर चढवल्या आहेत.

दुसरा हिशेब विजेचा. पवनचक्कीतून १०० युनिट निघाले. तारेतून इंजिनाला दिले तर त्यांतला बहुतेक भाग चाकांपर्यंत पोचतो. त्यांचाच हायड्रोजन केला, तो दाबला, वाहून आणला, सेलमधून परत वीज केली, तर हाती तिसेक युनिट. बाकीची वाटेत उष्णता होऊन गेली.

कागदावरचं हे गणित जर्मनांना रुळांवर दिसलं. २०२३ मध्ये लोअर सॅक्सनीच्याच प्रादेशिक रेल्वे संस्थेने यापुढे बॅटरीवरच्या गाड्या घ्यायचं ठरवलं. कारण चालवायला स्वस्त. जिने पहिल्यांदा हायड्रोजनवर पैसे लावले, तिनेच. तिकडे फ्रँकफुर्टजवळ २७ गाड्यांचा मोठा ताफा ठरला होता, तोही वेळेवर आला नाही आणि आल्यावर बिघाडांनी गाजला. लांबच लांब मार्ग, दिवसाकाठी चार गाड्या, मध्ये कुठेच तार नाही, अशा ठिकाणी माझं मत मात्र अजूनही हायड्रोजनच्या बाजूने आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या चाचणीमार्गावर २०२४ मध्ये स्टॅडलर या स्विस कंपनीची हायड्रोजन गाडी एका भरण्यावर २८०० किलोमीटर गेली. बॅटरीला हे जमणार नाही.

आपल्याकडे रेल्वेने पहिल्या प्रयोगासाठी हरियाणातला जींद-सोनीपत हा ८९ किलोमीटरचा मार्ग निवडला. डिझेलच्या डेमू गाडीतच फेरफार करून दोन पॉवर कार, म्हणजे गाडी ओढणारे डबे, प्रत्येकी १२०० किलोवॉटच्या. जर्मनीपेक्षा हे यंत्र कितीतरी दांडगं आहे, याचं मला कौतुक आहे. पण हरियाणातलं ब्रॉडगेजचं सगळं जाळं आधीच विद्युतीकृत आहे! प्रयोगाला हरकत नाही. वर तार असताना खाली हायड्रोजन कायमचा कशाला, हे मात्र कुणीतरी विचारायला हवं. आपली कोकण रेल्वे २०२२ मध्ये पूर्ण विजेवर गेली, तिथे हा प्रश्नच मिटला.

उरतात ते डोंगरातले जुने मार्ग. हायड्रोजनच्या योजनेत ज्या वारसामार्गांची नावं आली, त्यांत आपलं माथेरानही आहे. नेरळपासून २१ किलोमीटरचा घाट, दोन फुटी रूळ, आणि त्यावरचे ते इवलेसे डबे तुम्ही पाहिलेच आहेत. त्यांच्या टपावर जागा ती किती? ही बाटली मी इथेच ठेवतो. काका, तुमचा हात मघापासून वर आहे, माइक घ्या.