एक लिरा देऊन घेतलेलं पोस्टर

नमस्कार श्रोतेहो.

१८९५ साल. इटलीच्या ईशान्य भागात, व्हेनिसपासून जवळ, त्रेव्हीझो नावाचं शहर आहे. विशीही न गाठलेला नांदो साल्चे नावाचा एक मुलगा भिंतीवरच्या एका जाहिरातीपुढे थांबला. जाहिरात होती आउअर कंपनीच्या गॅसच्या दिव्यांची. आपल्याकडे वरातीत डोक्यावरून नेत त्या पेट्रोमॅक्सच्या बत्तीत जे पांढरं मँटल असायचं, त्याचा शोध लावणारा हाच तो आउअर. चित्र होतं जोव्हान्नी मातालोनी या चित्रकाराचं: दिव्याच्या उजेडात झिरझिरीत वस्त्रातली एक स्त्री. मुलाने पोस्टर लावणाऱ्या माणसाच्या हातावर एक लिरा ठेवला आणि तो कागद घरी नेला, असं सांगतात.

हा साल्चे पुढे हिशेबनीस झाला. पण कागद जमवणं त्याने मरेपर्यंत सोडलं नाही. पोस्टर चिकटवणाऱ्यांकडून, छापखान्यांकडून, थेट कंपन्यांकडून तो ती मिळवत राहिला. १९६२ साली तो गेला तेव्हा त्याच्याकडे सुमारे २५ हजार पोस्टरं होती आणि ती सगळी त्याने इटलीच्या सरकारला देऊन टाकली होती. आज त्रेव्हीझोत त्याच्या नावाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. इटलीच्या जाहिरातकलेचा इतिहास लिहायचा तर या एका हिशेबनिसाच्या घरून सुरुवात करावी लागते.

आज मला या पोस्टरांमधल्या एका खास कुळाविषयी बोलायचं आहे: मद्याच्या जाहिरातींची पोस्टरं. काम्पारी, चिन्झानो, मार्तिनी, स्त्रेगा, फर्नेत-ब्रांका ही त्यांवरची नावं. आपल्याकडे मद्याच्या जाहिरातीला कायद्याने बंदी आहे आणि मला पेयाची भलामण करायचीही नाही. मी उपयोजित कला शिकले, छपाईच्या व्यवसायात वाढले, आणि या कागदांकडे ओढली गेले ती त्यांच्या रेषेमुळे आणि रंगांमुळे. सार्वजनिक भिंतीवर लावण्यासाठी माणसाने जे काही छापलं, त्यातलं सर्वोत्तम काम या पोस्टरांत आहे, असं माझं ठाम मत आहे.

मद्याचीच पोस्टरं इतकी का निघाली? कारण व्यापारी आहे. व्हर्मुथ म्हणजे वनस्पती मुरवलेली वाइन. ट्युरिनमध्ये आन्तोनिओ बेनेदेत्तो कार्पानो याने १७८६ साली ती विकायला सुरुवात केली. चिन्झानो घराणं तर त्याआधीपासून, १७५७ पासून, याच शहरात धंद्यात होतं. मिलानमध्ये १८४५ साली फर्नेत-ब्रांका निघालं. दक्षिणेत बेनेव्हेंतोला १८६० साली स्त्रेगा निघालं, आणि त्याच वर्षी काम्पारीचा धंदा सुरू झाला. शतक संपता संपता बाजारात अशी डझनावारी पेयं झाली. सगळ्यांचा दावा एकच: जेवणाआधी भूक वाढवतं, जेवणानंतर पचवतं. पेयापेयांतला फरक सांगून पटणारा नव्हता, त्यामुळे लक्षात राहायला हवं होतं ते नाव. त्यातही १८६१ सालच्या शिरगणतीत इटलीतल्या दर चार माणसांपैकी जवळपास तिघांना लिहितावाचता येत नव्हतं, आणि १९०१ सालीही ही संख्या निम्म्याच्या आसपास होती. ज्याला पाटी वाचता येत नाही त्याच्यापर्यंत चित्रानेच पोचायचं होतं.

आणि चित्र छापायला इटलीकडे एक फार मोठं घर होतं: मिलानचं रिकॉर्दी. संगीतप्रेमी श्रोत्यांना हे नाव ठाऊक असेल. व्हेर्दी आणि पुच्चीनी यांच्या ऑपेरांचे प्रकाशक तेच. ऑपेराची पोस्टरं छापण्यासाठी त्यांनी स्वतःचा चित्रछपाईचा कारखाना उभारला. आडोल्फ होहेनस्टाइन हा सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेला जर्मन चित्रकार तिथला कलाविभाग सांभाळत होता. 'तोस्का'चं पोस्टर त्याचं. त्रिएस्तेचा लेओपोल्दो मेत्लिकोवित्स तिथेच काम करायचा. 'मादामा बटरफ्लाय'चं पोस्टर त्याचं. त्याने आपल्याच गावच्या एका तरुणाला, मार्चेल्लो दुदोविचला, मिलानला बोलावून घेतलं. ज्या यंत्रांवर पुच्चीनीच्या नायिका छापल्या जात, त्याच यंत्रांवर काम्पारीची आणि व्हर्मुथची पोस्टरंही निघत. त्यामुळे या जाहिरातींत रंगमंचाची ऐट दिसते. दुदोविचचं काम्पारीचं एक पोस्टर पाहा: लालभडक रंगात बुडालेलं, चुंबन घेणारं जोडपं. ऑपेराचा दुसरा अंक संपताना पडदा पडावा तसं ते चित्र आहे.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण आता लेओनेत्तो काप्पिएल्लोविषयी बोलायचं आहे.

हा लिव्होर्नोचा माणूस. जन्म १८७५ चा. १८९८ मध्ये तो पॅरिसला गेला, नटनट्यांची व्यंगचित्रं काढून नाव मिळवलं आणि मग पोस्टरांकडे वळला. त्याच्याआधीच्या पोस्टरांत सुंदर बाई असे, तिच्या हातात बाटली, मागे बाग, खाली मजकूर. बघणाऱ्याने थांबून निवांत पाहावं अशी ती चित्रं. काप्पिएल्लोच्या लक्षात आलं की रस्त्यावरचा माणूस आता थांबत नाही. तो ट्राममध्ये आहे, मोटारीत आहे. त्याला एका नजरेत एकच आकार देता येईल. मग त्याने पार्श्वभूमी पुसूनच टाकली. काळा किंवा गडद सपाट रंग, त्यावर एकच झेप घेणारी आकृती आणि नाव. १९०३ साली एका चॉकलेटसाठी त्याने लाल घोड्यावर हिरव्या पोशाखातली बाई काढली. चॉकलेटचा आणि लाल घोड्याचा काय संबंध? काहीच नाही. पण लोक दुकानात जाऊन 'तो लाल घोडावाला' चॉकलेट द्या म्हणू लागले, असं सांगतात.

हेच त्याने मद्याच्या बाबतीत केलं. १९१० साली चिन्झानोसाठी त्याने मागच्या पायांवर उभा राहिलेला एक लाल झेब्रा काढला. १९२१ साली काम्पारीसाठी संत्र्याच्या सालीच्या वेटोळ्यात गुंडाळलेला, हातात बाटली धरून नाचणारा तांबडा विदूषक काढला. मी हे दुसरं चित्र पुन्हा पुन्हा पाहते. साल एका सुरीत सोललेली, अखंड. तिचा फिरकीसारखा आकारच त्या विदूषकाला उचलून धरतो. पेयाबरोबर संत्र्याची फोड देतात, ते न बोलता सांगून झालं. बाटली हातात आहे, पण तिच्याकडे आपण शेवटी बघतो. पूर्ण चित्रात एकही रेष अशी नाही की जी काढून टाकता येईल. शंभर वर्षं उलटून गेली तरी तो विदूषक काम्पारी कंपनीचा ओळखीचा चेहरा आहे.

हे कागद छापले कसे जात, ते कळल्याशिवाय त्यांचा संग्रह करता येत नाही. पद्धत शिळाछापाची. मराठी वाचकाला ही पद्धत परकी नाही. आपल्या कितीतरी जुन्या पोथ्या शिळाप्रेसवर छापलेल्या आहेत. आणि राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना याच तंत्रावर चाले. यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आलेले. आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती आणि मिलानमधला काम्पारीचा विदूषक एकाच तंत्रातून निघाले आहेत.

चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. पाण्याने भिजलेल्या जागी शाई धरत नाही, तेलकट जागी धरते. पण हे झालं एका रंगाचं. चित्रात आठ रंग असतील तर आठ दगड. प्रत्येक दगडावर त्या रंगापुरतंच चित्र, आणि तेही उलटं. कागद आठ वेळा यंत्रातून जाणार आणि दर वेळी केसाइतकाही हलता कामा नये. पोस्टर मोठं असेल तर दोन-तीन तुकड्यांत छापून भिंतीवर जुळवायचं. चित्रकार बहुधा लहान आकारात नमुना देई. तो दगडावर उतरवणारे कारागीर वेगळे. हिरव्याखाली पिवळा किती ठेवायचा, सावलीला निळा घ्यायचा की करडा, हे ते ठरवत. दुदोविच स्वतः रिकॉर्दीत याच कामावर लागला होता, म्हणून त्याच्या रंगांना दगडाची जाण आहे. बाकीच्या कारागिरांची नावं कागदावर नसतात. खाली छापखान्याचं नाव असतं तेवढंच. मला या अनाम हातांविषयी चित्रकारांइतकाच आदर आहे, आणि संग्राहकांनी त्यांच्याविषयी फारसं बोलू नये याचं वाईट वाटतं.

पहिल्या महायुद्धानंतर काळ बदलला. फोर्तुनातो देपेरो हा भविष्यवादी, म्हणजे यंत्रं आणि वेग यांचं कौतुक करणाऱ्या पंथाचा, चित्रकार काम्पारीकडे आला. त्याने मऊ रेषा टाकून दिली. त्याची माणसं त्रिकोणांची, यंत्रासारखी, काळीपांढरी. १९३१ साली त्याने काम्पारीच्या जाहिरातींचं एक अख्खं पुस्तक काढलं. जुन्या काळची कलाही राजांची, धर्माची, पराक्रमाची जाहिरातच होती, मग आपण आपल्या काळातल्या उद्योगांची चित्रं काढण्यात कमीपणा का मानावा, असं तो मांडत असे. मला हे पटतं. मुंबई-पुण्यात जाहिरातीचं काम करणाऱ्या चित्रकाराला आजही 'कमर्शियल' म्हणून खालच्या पायरीवर बसवलं जातं. तसं बसवणाऱ्यांनी देपेरोचं काम बघावं. १९३२ साली निघालेली काम्पारी सोडाची छोटी शंकूच्या आकाराची बाटलीही त्याचीच कल्पना. तिला कागदी लेबल नाही, नाव काचेतच उठवलेलं. ती आजही तशीच विकली जाते.

मार्चेल्लो नित्सोली यानेही १९२० च्या दशकात काम्पारीसाठी पोस्टरं केली. पुढे ऑलिव्हेत्ती कंपनीचा लेत्तेरा २२ हा टाइपरायटर त्यानेच घडवला. आर्मान्दो तेस्ताने १९६० मध्ये कार्पानोच्या 'पुंत ए मेस'साठी एक पूर्ण गोळा आणि एक अर्धा गोळा, एवढंच काढलं. पिएमोन्तच्या, म्हणजे ट्युरिनच्या प्रांताच्या, बोलीत त्या नावाचा अर्थच दीड, त्यामुळे चित्र हेच नाव झालं. १९६४ मध्ये मिलानची भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा ब्रूनो मुनारी याने काम्पारीच्या नावाची वेगवेगळी अक्षरं कापून लाल भूमीवर मांडली. धावत्या गाडीतून नाव अर्धंच दिसलं तरी कळावं म्हणून. ते पोस्टर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

ज्यांना असं काही जमवावंसं वाटतं, त्यांच्यासाठी थोडं सांगते.

आपल्याकडच्या इटालियन हॉटेलांत दिसतात ती जवळजवळ सगळी पुनर्मुद्रणं असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त ती मूळ म्हणून विकली जाऊ नयेत. ओळखायचं साधन एकच: दहापट मोठं दाखवणारं भिंग. आजच्या छपाईत भिंगाखाली ओळीने मांडलेले बारीक ठिपके दिसतात. शिळाछापात खडूचा रवाळपणा दिसतो, वेडावाकडा, आणि रंगांचे सपाट थर एकमेकांवर चढलेले दिसतात. दुसरं माप. इटालियन पोस्टरं बरीचशी सुमारे १०० बाय १४० सेंटिमीटरची किंवा ७० बाय १०० ची. काप्पिएल्लोचा विदूषक वीतभर कमी मापात, जाड चकचकीत कागदावर समोर आला तर विचारपूस करावी. तिसरं, खालची कड. तिथे छापखान्याचं आणि गावाचं नाव असतं. कडा कापलेल्या असतील तर किंमत उतरते आणि पुरावाही जातो.

मला सगळ्यात आवडते ती कराच्या तिकिटाची खूण. इटलीत भिंतीवर लावायच्या जाहिरातीवर कर भरावा लागे. त्याचं तिकीट पोस्टरवरच चिकटवत आणि त्यावर शिक्का मारत. काही लोकांना तो डाग वाटतो. माझ्या दृष्टीने तो त्या कागदाचा दाखला आहे: हा कागद खरोखर बाहेर जायचा होता, रस्त्यावर. घड्यांच्या खुणांनाही घाबरू नये. पोस्टरं घडी घालून टपालाने पाठवली जात.

मोठ्या नावांची मूळ पोस्टरं सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेली आहेत, हे खरं. पण दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायचे पुठ्ठ्याचे फलक, पत्र्याच्या पाट्या, दरवर्षीची कॅलेंडरं, मासिकांतली जाहिरातीची पानं ही त्याच चित्रकारांची आणि त्याच छापखान्यांची कामं आहेत, आणि ती अजून मिळतात. फारशी नावाजलेली नसलेली, एखाद्या छोट्या गावच्या आमारोची, म्हणजे वनस्पतींच्या कडवट मद्याची, पोस्टरंही बघावीत. त्यांत कित्येकदा फार ताजं चित्र सापडतं.

आणि आपल्या हवेची काळजी घ्यावी. कोकणात, मुंबईत, पावसाळ्यात असा कागद पाणी पितो. त्यावर बुरशी धरते, मागून कसर लागते. पोस्टरला सेलोटेप कधीही लावू नये, लॅमिनेशन तर नाहीच नाही. मागे साधं प्लाय ठेवलं तर त्यातलं आम्ल कागदात उतरतं. जाणकार संवर्धक गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागदाचं आणि त्यावर कापडाचं अस्तर लावतात. खळ का, तर ती पुढे कधीही पाण्याने सोडवता येते. फ्रेम बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नये, काच आणि चित्र यांच्यात थोडी फट असावी, आणि उन्हापासून दूर ठेवावं. लाल रंग आधी उडतो, आणि या पोस्टरांत लालच महत्त्वाचा.

इटलीला जाणं झालं तर मिलानजवळ सेस्तो सान जोव्हान्नी इथे काम्पारीचं स्वतःचं दालन आहे, तिथे देपेरोची मूळ चित्रं पाहायला मिळतात. देपेरोने रोव्हेरेतोला उभारलेलं संग्रहालयही आहे. आणि घरबसल्या बघायचं असेल तर साल्चेच्या संग्रहाची सूची चित्रांसह इंटरनेटवर खुली आहे. तिथे आधी मातालोनीचं १८९५ चं दिव्याचं पोस्टर पाहा आणि मग काप्पिएल्लोचं १९२१ चं. मधल्या २६ वर्षांत चित्रातून काय काय काढून टाकलं गेलं, हे शोधायला एक संध्याकाळ पुरणार नाही.

नमस्कार.