मोकळ्या दिसणाऱ्या माळावर

जून लागला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात शेवळं येतात. सोबत काकडं. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, कोळी, भारंगी. शहापूरच्या पाड्यांवरल्या ठाकूर, कातकरी बाया पहाटेची कसारा लोकल धरून ही भाजी आणतात. घरातलं धान्य संपत आलेलं, भात अजून लावायचाय. अशा दिवसांत हाती रोकड येते ती रानातून.

हेच रान नकाशावर मोकळं दिसतं. मग तिथे वृक्षारोपण ठरतं.

२०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्याने ५० कोटी झाडं लावायचं लक्ष्य ठेवलं होतं. शिवाय रस्त्याला, धरणाला जंगल दिलं की पर्यायी वनीकरण, म्हणजे त्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावणं, आलंच. झाडं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण कोणती? निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, साग यांना गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती जगवायला सोपी. आणि गुरं खात नाहीत म्हणूनच गुराख्याच्या घराला ती निरुपयोगी.

लागवडीला कुंपण पडतं, काही वर्षं चराई बंद होते. शेळ्या लांब न्याव्या लागतात. शेवटी एकेक करून विकल्या जातात. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे पेरणीआधी पाला-फांद्या जाळून जमीन भाजायची, तर ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा लांबून डोक्यावर आणायचा. हे ओझं बहुतेक बाईच्याच वाट्याला येतं, आणि लागवडीच्या हिशेबात ते कुठेच धरलेलं नसतं.

मजुरी मिळते, हे खरं. उन्हाळ्यात खड्डे, पावसात रोपं, पुढे थोडी निंदणी. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला गावातली ही मजुरी मोलाची वाटते. पण रोपं मार्गी लागली की काम संपतं.

मोहाचं तसं नाही. फुलं धरायला दहाएक वर्षं लागतात, पण नंतर दर चैत्रात पहाटे झाडाखाली सडा पडतो. फुलं विकता येतात, मोहट्यांचं, म्हणजे बियांचं, तेल निघतं. बाजूला हिरडा, बेहडा, आवळा, ऐन, बांबू लावता येतो, आणि मधल्या जागेत गवतही टिकतं. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंवर, गावाचा हक्क मानला आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या गावाला आपलं जंगल राखायचा, त्याची व्यवस्था पाहायचा अधिकारही आहे. रोपांची यादी आधी त्या ग्रामसभेत वाचली जावी, बाया बसलेल्या असताना, आणि चराईला कोणता पट्टा मोकळा ठेवायचा हे तिथेच ठरावं. खड्डे त्यानंतर खणावेत.