टार्गेट येतं कुठून?

(बेळगावच्या वडगाव भागात शिवणकामाचं प्रशिक्षण घेणाऱ्या महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्यांना ऐकू येतंय ना? पंखा हवा तर बंद करा. बाहेरच्या मागांचा खडखडाट काही बंद होणार नाही, आणि मला त्याची सवय आहे. याच गल्ल्यांत मी मागाच्या दोऱ्याच्या कांड्या भरत मोठी झाले. आई माग बघायची. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो, तो आम्हाला झोपेतसुद्धा कळायचा. पुढे बंगळुरूला एक्स्पोर्टचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात लागले, तेव्हा फॉर्मात एक रकाना होता, ‘पूर्वीचा अनुभव’. मी लिहिलं, काही नाही. त्या ‘काही नाही’चा मला आजही राग येतो. तुमच्यातल्या निम्म्याजणी उद्या तेच लिहिणार आहात.

मी आधी हेल्पर, मग ऑपरेटर आणि शेवटची काही वर्षं नव्या मुलींना शिकवणारी. पहिले दोन दिवस आम्ही धागाच देत नाही. कागदावर रेघा मारायच्या, सरळ, नागमोडी, गोल, आणि नुसती सुई त्या रेघेवरून चालवायची. घरच्या मशीनवर पाय मारून ब्लाऊज शिवणारी बाई इथे घाबरते, कारण कारखान्यातलं सिंगल नीडल, म्हणजे एका सुईचं मशीन, मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकतं. पेडलला पाय लागला की कागद भुर्रकन पलीकडे. हात पुढे ओढायचा नाही, कापडाला नुसती दिशा द्यायची, एवढं जमायला आठवडा जातो. हे सगळं नीट शिकवतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ‘का’ न शिकवण्याबद्दल. माझी पहिली सुई तुटली तेव्हा मी दोन तुकडे हातात घेऊन उभी राहिले. टोक सापडेना. मशीनची अख्खी लाइन थांबली, गठ्ठ्यातला एकेक पीस झटकून पाहिला, मला सगळ्यांसमोर बोलणी बसली. शेवटी टोक माझ्याच ॲप्रनच्या खिशात निघालं. त्या दिवशी मला वाटलं, हे लोक एका सुईसाठी जीव घेतात. सुईचा प्रत्येक तुकडा जुळवून रजिस्टरात चिकटवल्याशिवाय नवी सुई का मिळत नाही, तयार माल धातू शोधणाऱ्या मशीनखालून का जातो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही शिवत होतो तो झगा परदेशातलं एखादं तान्हं मूल घालणार होतं. एवढं एक वाक्य आधी सांगितलं असतं, तर मी स्वतःहून मशीन थांबवलं असतं.

आता फळ्याकडे बघा. आपल्या शेजारच्या निपाणीत विडीचं माप हजाराचं. किती हजार वळल्या आणि छाट, म्हणजे नापास विड्या, किती काढली, हे तिथल्या बाईला तोंडपाठ. छाटीवरून भांडायचं कसं, तेही तिला ठाऊक. गारमेंटमध्ये माप मिनिटाचं आहे, आणि ते बाईला कुणी सांगत नाही. शर्टाचे पंचवीस-तीस तुकडे करून काम वाटतात. खिसा एकीला, कॉलर दुसरीला, कफ तिसरीला. प्रत्येक कामाला किती वेळ लागावा हे आधीच ठरवलेलं असतं. त्याला सॅम म्हणतात. समजा खिसा जोडायला पाऊण मिनिट. मग तासाला किती? ऐंशी, बरोबर. पण हे झालं शंभर टक्के काम. नवी लाइन पन्नास टक्क्यांवर चालते, म्हणजे चाळीस. आणि सुपरवायझर ओरडत असतो शंभर. हा शंभरचा आकडा, म्हणजे टार्गेट, कुठून आला? कधी कामाच्या हिशेबातून येतो, कधी शिपमेंटच्या घाईतून. ते विचारायचं असेल तर आधी हा भागाकार आला पाहिजे.

आणखी एक. ते पाऊण मिनिट ठरवताना थकवा, दोरा बदलणं, पाणी पिणं, बाथरूमला जाणं, या सगळ्याची सूट त्यात मोजलेली असते. पुन्हा सांगते, मोजलेली असते. मी वर्षानुवर्षं बायकांना बघितलंय, बाथरूमला जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या. उन्हाळ्यात, इस्त्रीच्या वाफेशेजारी. त्यांना वाटायचं आपण कंपनीचा वेळ चोरतोय. तो वेळ त्यांचाच होता, पिसाच्या किमतीत धरलेला!

प्रशिक्षणाच्या सरकारी योजना आहेत. 2010 पासून वस्त्रोद्योग मंत्रालयाची एक होती, 2017 च्या शेवटी तिच्या जागी ‘समर्थ’ आली. शिकलेल्यांपैकी 70 टक्के मुलींना नोकरी लागली पाहिजे अशी तिची अट. अट चांगली आहे. फक्त नोकरी कोणत्या ग्रेडला लागली, हेल्पर की ऑपरेटर, हे तुम्हीच विचारायचं. सर्टिफिकेट भिंतीवर आणि पगार हेल्परचा, असं खूप पाहिलंय.

बंगळुरूच्या कारखान्यांत अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी एक अभ्यास केला होता. बायकांना मशीनचं नाही, तर बोलणं, वेळेचं नियोजन, अडचण मांडणं असलं प्रशिक्षण दिलं. त्यांचं काम वाढलं आणि खर्च केलेला पैसा कंपनीला काही महिन्यांतच अडीच पटीच्या वर परत मिळाला. पगार? वाढला, पण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मालकांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यांना प्रशिक्षण म्हणजे धर्मादाय वाटतं. तुम्हाला सांगते ते शेवटच्या आकड्यासाठी.

भाषेचं थोडक्यात बोलते. आपल्यातल्या बहुतेकींना कन्नड बोलता येतं, वाचताना अडखळतो. पगाराची स्लिप, ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा फॉर्म, नोटीस बोर्ड वाचता आलं पाहिजे; आणि क्लासच्या नोट्स मराठीतही मागायच्या, बिनधास्त. यात भाषेचा वाद आणू नका, त्याला वेगळी स्टेजं भरपूर आहेत.

वाचता येणं किती कामाचं, ते 2016 मध्ये कळलं. केंद्राने पीएफचा नियम बदलला होता, मालकाच्या वाट्याचे पैसे 58 वर्षांपर्यंत काढता येणार नाहीत. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, सगळं त्याच पैशावर. एप्रिलच्या 18 आणि 19 तारखेला बंगळुरूचे रस्ते गारमेंटच्या बायकांनी भरले, आणि 19 लाच नियम मागे घ्यावा लागला. माझ्या लाइनमधल्या एका बाईने बातमी वाचून दाखवली होती, बाकीच्या ऐकून उठल्या. पीएफवर आमच्या ट्रेनिंगमध्ये एक तास नव्हता.

बरं, बोलणं पुरे. पहिल्या बाकावरची तू, काय करायलीस गे? ये इकडे, मशीनवर बस. पाच खिसे शिव. मी मोबाइलवर वेळ लावते, शेजारणीने प्रत्येक खिशाचे सेकंद फळ्यावर लिहायचे. घाई करू नकोस, रोज जशी शिवतेस तशीच शिव. आणि आधी पाणी पिऊन घे.